फवारणीच्या मास्कला एक स्टार

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार
मास्क आला! फवारणीचा, दोन गोल फिल्टरवाला. एकशे बेचाळीस रिव्ह्यू वाचले — एकही न गाळता. तरी धीर होत नव्हता. शेवटी भारतचा व्हिडिओ पाहून ठरवलं. आमच्याच तांड्यातला, आता उमरखेडला राहून शेतीच्या वस्तूंचे व्हिडिओ करतो. "औषधाचा वास येतच नाही भाऊ, एक नंबर!" ओळखीचा माणूस खोटं कशाला बोलेल?

बादलभिया मास्क पाहून हसला. "मले बैलाचं मुसकं कायले? रुमाल हाये ना! द्याचंच असन तं बॅटरीचा पंप दे. हात मारू मारू खांदा गेला माहा." थोरला भाऊ आहे, पण मी ऐकलं नाही. त्याच्या तोंडाला लावून पट्टे स्वतः आवळून पाहिले.

१६ ऑगस्ट, शुक्रवार
मास्क लावून फवारताना भिया कपाशीत घेरी येऊन बसला. ओकला. डोळ्यांचं पाणी थांबेना. दवाखान्यात सलाईन लावली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं.

मास्क हुंगून पाहिला. औषधाचा वास — आतून! संगीताभाभी मास्ककडे पाहत राहिली. मग माझ्याकडे.

१८ ऑगस्ट, रविवार
भिया घरी आला. मी तडक उमरखेडला, भारतकडे. त्याने चहा मागवला.

"मले तं कंपनीनं फुकट पाठवलता रे. त्याहिनं लिहून देल्लं, तेच बोललो."

"पण तू फवारताना दिसतोस!"

"पंपात पाणी होतं. व्हिडिओसाठी औषध कायले वाया घालू?"

पाणी! तो व्हिडिओ मी अकरा वेळा पाहिला होता. चहा तसाच ठेवून निघालो. मागून म्हणतो, "काहून तापून राह्यला? सगळेच करतेत."

१९ ऑगस्ट, सोमवार
एक स्टार दिला. भियाच्याच मोबाईलवरून, मास्क त्यावरूनच मागवला होता. आधी कागदावर लिहिलं, तीनदा तपासलं. शाळा नववीत सुटली, पण एकही चूक राहू दिली नाही — नाहीतर लोक म्हणतील, अडाण्याचं काय ऐकायचं! सलाईन लावलेल्या भियाचा फोटो जोडला.

२२ ऑगस्ट, गुरुवार
मास्क विकणाऱ्याचा फोन, भियाच्याच मोबाईलवर. मी स्पीकरवर घेतला. आवाज कसा, साखर! "सर, पाच स्टार करून टाका, बॅटरीचा पंप पाठवतो. एकदम फ्री."

"खोटं लिहिणार नाही," म्हटलं. आणि फोन ठेवला!

भिया खाटेवर पडून ऐकत होता. "कोनता पंप?" एवढंच विचारलं.

२ सप्टेंबर, सोमवार
घरी मोठं खोकं आलं. बॅटरीचा पंप. मी तर नाही म्हटलं होतं!

३ सप्टेंबर, मंगळवार
रिव्ह्यू उघडून पाहिला. पाच स्टार. सलाईनचा फोटो गेला. त्या जागी मास्क लावलेला भिया, अंगठा वर करून. खाली — सतरा जणांना उपयोगी वाटला.

भिया नवा पंप घेऊन वावरात गेलाय. तोंडाला रुमाल बांधून.