शंभर टक्के पसंती

सोमवार, ४ मार्च
आले एकदाची सिंगापूरला! बुकित पंजांगला अकराव्या मजल्यावर खोली मिळाली आहे. खिडकीखालून एलआरटी या छोट्या रेल्वेचा डबा खेळण्यातल्यासारखा सरकत जातो. खाली हॉकर सेंटर, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांचा बाजार, त्यामुळे जेवणाची चिंता मिटली.

आमची कंपनी लहान आहे. आफ्रिकेतल्या शेती-कार्यक्रमांचं नियोजन आणि मूल्यमापन करते. पुण्यात मी हेच करत होते. माझं पहिलं काम मलावीतलं आहे. मक्यावर एक बुरशी वाढवून त्याचं प्रथिनयुक्त पीठ करायला तिथल्या गावांना शिकवलंय. ते शेजारच्या देशांतल्या शाळांमध्ये द्यायचं की नाही, हे माझ्या अहवालावर ठरणार. साहेब निशिकांत सर मूळचे ठाण्याचे. म्हणाले, "जाई, तुझी नजर ताजी आहे, तीच हवी." माणूस मोकळा वाटला.

बुधवार, ६ मार्च
लोकांच्या पसंतीचे आकडे पाहिले. सगळ्या गावांत शंभर टक्के! असं कधी होत नाही. फुकट बियाणं दिलं तरी कुणीतरी कुरकुरतंच. सरांना विचारलं, तर त्यांनी हसून पँट्रीतला पिठाचा डबा माझ्यापुढे उघडला.

ओल्या गोणपाटाचा वास, आणि त्याखाली काहीतरी गोडसर, जखमेवरची पट्टी सोडवल्यावर येतं तसं. रंग राखाडी. चिमटीत घेतलं तर कोमट लागलं आणि बोटांना चिकटून बसलं. साबणानं धुतलं तरी नखांत राहिलं. सर दुपारी त्याचीच पेज खातात. वर धरलेली साय बोटावर गुंडाळून चोखतात. मी माझा डबा न खाताच बंद केला.

सोमवार, ११ मार्च
आज चिसोमोशी व्हिडिओवर बोलले. मलावीत गावोगाव फिरणारी ही आमची कार्यकर्ती. म्हणाली, शेळ्या त्या पिठाला तोंड लावत नाहीत, कोंबड्याही लांबून जातात. माणसं मात्र दुसरं काही खातच नाहीत. भुईमूग, घेवडा, भोपळा पेरणं त्यांनी सोडून दिलंय. पहिल्या दिवशी ज्यांनी थुंकून टाकलं, तेच आता परात चाटतात.

मी विचारलं, मग पसंतीचे आकडे खोटे आहेत का?

"खोटे असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

शुक्रवार, १५ मार्च
कार्यक्रम वाढवू नये, आहे तिथेही थांबवावा, असं अहवालात लिहिलं आणि सरांना तसं सांगितलं. ते चिडले नाहीत. पण बोलताना त्यांच्या हिरड्या दिसल्या. शिळ्या पावावर येते तशी राखाडी लव होती. त्यांनी त्यावरून जीभ फिरवली आणि गिळलं. सर म्हणाले, रविवारी घरी जेवायला ये, निवांत बोलू.

रविवार, १७ मार्च
जायला नको होतं.

बुकित तिमाहला त्यांचा प्रशस्त फ्लॅट आहे. पत्नी नंदाताई फार प्रेमळ. थालीपीठ, लोणी, ठेचा केला होता. घरचं जेवण कधीचं मिळालं नव्हतं. कांदा, तीळ, भरपूर कोथिंबीर. मी दोन खाल्ली. भाजणी कुठून आणता, असं विचारलं. नंदाताई सरांकडे बघून हसल्या, आणि मला त्यांच्याही हिरड्या दिसल्या.

बाथरूममध्ये जाऊन घशात बोटं घातली. पिवळं पाणी पडेपर्यंत ओकले. दाराबाहेरून नंदाताई समजावत होत्या, "अगं, पहिल्यांदा सगळ्यांनाच होतं. मलाही झालं होतं."

मंगळवार, १९ मार्च
आरशात पाहिलं. खालच्या दातांमागे लव आहे. ब्रशनं रक्त येईपर्यंत घासली. दुपारी पुन्हा आलेली. मऊ. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण गोळी घशातून परत येते, कुणीतरी आतून ढकलल्यासारखी.

हॉकर सेंटरमध्ये फिशबॉल सूप घेतलं. साबणाचं पाणी. आंबा घेतला, सडका लागला. शेजारच्या टेबलावरचा माणूस तसलाच आंबा मिटक्या मारत खात होता.

बुधवार
अहवाल निधी देणाऱ्यांना थेट पाठवणार होते. ऑफिसात लॅपटॉप उघडला. पँट्रीतून वास येत होता. तो वास आता — नाही. हे लिहायचं नाही.

गुरुवार
नंदाताईंनी दाराशी डबा ठेवून दिला. कचऱ्याच्या शूटमध्ये, त्या खाली जाणाऱ्या नळीत, टाकायला नेला. तिथे झाकण उघडून उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. हनुवटीवरून लाळ —

टाकला. टाकला मी तो. मग शूटमध्ये डोकं घालून —

किळस वाटायला हवी. आठवून आठवून वाटून घेतेय.

शुक्रवार
पोटात अन्न नाही. चिसोमोचा फोन आला. अहवाल गेला का, तिकडे शाळांची यादी तयार होतेय, म्हणाली. रडत होती. मी म्हटलं, पाठवते. मग विचारलं, तू कधी चाखून पाहिलंस का ग?

तिनं फोन ठेवला.

शनिवार
सरांकडे जाऊन आले. पोटभर.

आता बरं वाटतंय. अहवालातलं ते वाक्य काढलं. काय लिहिलं होतं मी, थांबवा? कशासाठी? मुलांना सुरुवातीला मळमळेल, एवढंच. धरून भरवायचं. एकदा गिळलं की —

पाठवला.

हाताला लव आलीय. नखाखालून. उजव्या. पेन नीट धरता — मऊ आहे. गोड. जरा चा