पुढच्या बोटीनं

अल्फारेटा, अमेरिका,
रविवार सकाळ

प्रिय दादा,

नागपूरला रविवारी सकाळच्या शोला तू मला इंग्रजी सिनेमाला न्यायचास. मला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नसे, म्हणून तू कानाशी लागून सगळी गोष्ट मराठीत सांगायचास. मागचे लोक चिडायचे, पण तू थांबायचा नाहीस.

आज रेणू आणि जावई नातीच्या सॉकर मॅचला गेलेत. मी गुडघ्याचं निमित्त काढून घरीच राहिले. टीव्ही लावला, तर त्यातलाच एक ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा चालू होता. शेवटी तो बोटीत चढतो आणि ती धक्क्यावर उभी राहते, तो. तेव्हा मी रडायला लागले होते. तू म्हणालास, "शैले, तो सांगतोय, पुढच्या बोटीनं परत येतो."

आज खाली सबटायटल्स होते. तो म्हणतो, माझी वाट बघू नकोस.

साठ वर्षं थाप पचवलीस. मला रागच आला. सिनेमा संपल्यावर टीव्ही बंद केला आणि हे पत्र लिहायला घेतलं.

दर रविवारी तू फोनवर विचारतोस, "कधी येतेस?" मी म्हणते, "दिवाळीत." डॉक्टरांनी मला एवढा लांबचा प्रवास बंद केलाय. माझा नागपूरचा फ्लॅट मार्चमध्येच विकला, सही मीच केली. तुला यातलं काही ठाऊक नाही, आणि हे पत्रही मी टाकणार नाही.

फोन वाजतोय. दिवाळीत येते म्हणून सांगते.

तुझी,
शैला