सूक्ष्म टिंबाचे समर्थन

२ जून, सकाळ
वीस वर्षांचा उच्चारकोश पूर्ण. शब्दापुढे तोच शब्द पुन्हा लिहून त्याच्या खाली-वर टिंबे, रेघा देऊन नेमका उच्चार दाखवला आहे. ही चिन्हे दिसायला कशी असावीत, एवढेच ठरवायचे उरले. महिनाअखेर न ठरल्यास कोश छापणार नाही, असे प्रकाशक म्हणतो. धमकीची गरज नव्हती. आठवडा पुरेसा आहे.

९ जून
ठरले नाही. अडचण तात्त्विक आहे. चिन्ह दिसले पाहिजे, पण डोळ्यांत खुपता कामा नये.

१४ जून
घरीच चाचणी घेतली. पत्नीने नमुन्याच्या पानावरील टिंब नखाने खरवडून पाहिले आणि मेलं निघत नाही म्हणून कुरकुर केली. सुनेने आधी चष्मा पुसला, मग पान. बाबा, याला कांजिण्या आल्यात का, असे विचारले. निष्कर्ष : चिन्हे अजून सूक्ष्म हवीत.

२१ जून
टाइपसेटरशी वाद. अहो सर, टिंब जरा ठसठशीत घ्या, एवढंसं छपाईत टिकायचं नाही, हे त्याचे पालुपद. टिकणे हा टिंबाचा धर्म नसून सुचवणे हा आहे, असे मी सप्रमाण मांडले. तो निरुत्तर झाला. वळून पाहिले तेव्हा तो चहाला गेला होता.

३० जून
मुदत पाळली. सर्व चिन्हे केसाएवढी बारीक केली. अखेरचे प्रूफ पाहिले नाही. ज्याने चिन्हे घडवली त्याने ती तपासणे म्हणजे स्वतःवर अविश्वास. एकदाचे सुटलात, असे पत्नी म्हणाली. तिचा सूर आनंदाचा होता. कोणाच्या सुटकेचा, ते विचारले नाही.

१२ ऑगस्ट
कोश आला. एकही चिन्ह नाही! पानोपानी प्रत्येक शब्दापुढे तोच शब्द, निव्वळ. छापखान्यात फोन केला. छपाईआधी पाने स्कॅन करून त्यांवर दिसणारी धूळ संगणकावर साफ करण्याची तिथे रीत आहे. केवढी हो धूळ तुमच्या कोशावर, दोन माणसं बसवली तेव्हा कुठे स्वच्छ झाला, असे तिथल्या गृहस्थांनी अभिमानाने सांगितले. उद्या कडक निषेधपत्र.

१३ ऑगस्ट
पत्र उद्या. पत्नीने अख्खे पान न अडखळता वाचले. आता कसं छान दिसतंय, म्हणाली.

२ सप्टेंबर
कोश खपतो आहे. इतका सुवाच्य उच्चारकोश पाहिला नव्हता, असे शिक्षक कळवतात. वाचनीयतेबद्दलचे माझे मत सिद्ध झाले. पत्र रद्द.

९ सप्टेंबर
प्रकाशकाचा फोन. दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक शब्द एकदाच छापावा म्हणतो. दोनदा कशाला, सर?
सकाळपासून प्रतिवाद शोधतो आहे.