सत्तेचाळीस नंबरचा सरदार

४ सप्टेंबर.
एस्किलच्या बीटाच्या शेतात, तळ्याकाठी, मी राहतो त्या कॅरॅव्हॅनपासून वीस पावलांवर मेटल डिटेक्टर कोकलला. पितळी बिल्ला! वर भोक, मधे ४७. जुन्या कुठल्या राजाच्या अंगरक्षकांपैकी सत्तेचाळिसावा सरदार असणार. नक्की.
उद्यापासून शिस्त. सहाला उठणे, रोज दोन पानं संशोधन.

५ सप्टेंबर, सकाळी पावणेअकरा.
उठलो. एस्किलला बिल्ला दाखवला. म्हणाला, राजाचा असेल बाबा, माझ्या ट्रॅक्टरचा तर नाही. पण नऊ ऑक्टोबरला बीटाचा ढीग तळ्याकाठीच लागतो, ट्रक येतात, त्याआधी तुझं बिऱ्हाड हलव. कुठे हलवायचं, ते सांगितलं नाही.
ऐतिहासिक जागेवरून कोण कोणाला उठवतं? सरदाराचा शोध लागू दे, हाच म्हणेल, राहा रे.

१२ सप्टेंबर, गुरुवार.
जुन्या नोंदी ठेवलेलं गावचं दफ्तरघर फक्त गुरुवारी उघडतं, दोन ते चार. सायकलनं निघालो. वाटेत काळ्या बेरी पिकल्या होत्या. पोचलो पावणेपाचला. वारा समोरून होता.

१९ सप्टेंबर, गुरुवार.
आज वेळेत निघालो. वाटेत सुगीची जत्रा, तंबूत बँड. सॉसेज उभ्यानंच खाल्लं. बाकांवर जागा होती, पण कोणी बस म्हणालं नाही. चार तिथंच वाजले. संशोधकानं अलिप्तच असावं.

२२ सप्टेंबर.
पाऊस. तीन दिवसांत कोणाशी बोललो नाही. बिल्ल्याशी बोललो. ऐकून घेतो. मुरलेला सरदार.

२६ सप्टेंबर, गुरुवार.
गेलो नाही. पुरावे घाईनं गोळा करू नयेत.

३ ऑक्टोबर, गुरुवार.
दोनच्या ठोक्याला हजर! दफ्तर सांभाळणाऱ्या रॅग्ना आजी बिल्ला बघून डोळे पुसेपर्यंत हसल्या. म्हणाल्या, अरे पोरा, सरदार कसला, कुत्रा हा! पूर्वी नोंद करून नंबर गळ्यात अडकवायचे. जुनी वही काढली. ४७, नाव ट्रोफास्ट, रंग तपकिरी, मालक एस्किलचे आजोबा. पत्ता: तळ्याकाठी.
मग कागद पुढे सरकवला. वस्तू शोधणाऱ्याचं नाव, पत्ता. नाव लिहिलं. पत्त्यापाशी पेन अडलं. आजी कॉफी ओतत म्हणाल्या, लिही की, लाजतोस काय नव्या नवरीसारखा?
कुत्र्याचाच पत्ता लिहिला. नऊ तारखेपर्यंत, सहा दिवस तरी, खरा आहे.