कर्तव्य चुकवून

१४ फेब्रुवारी १९८३, सोमवार

क्लोविसची पावाची गाडी नदीत गेली. गोठलेल्या नदीवरच्या रस्त्याने बेटाकडे निघाला होता. वाट दाखवणाऱ्या नवव्या खांबापाशी बर्फ फुटला. आम्ही दोर टाकून त्याला ओढून काढला — जिवंत आहे, पण शुद्ध नाही. गाव म्हणतं, प्यायला असेल, रस्ता सोडून गेला असेल.

रस्ता सोडला नव्हता. चाकांच्या रेघा मी पाहिल्या. नंतर भुरभुर बर्फ पडून त्या बुजल्या.

इथे तरी खरं लिहितो. या रस्त्यावरच्या बर्फाची जाडी मोजणं माझं काम. गेल्या मंगळवारी गुडघा ठणकत होता, वारा तोंड सोलत होता. आठव्या खांबापर्यंत ड्रिलने भोकं पाडून बर्फ मोजला आणि घरी आलो. पुढचे आकडे शेगडीपाशी बसून, अंदाजाने लिहिले. पस्तीस सेंटिमीटर, छत्तीस, पस्तीस.

१६ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळाला राख लावून देवळातून बाहेर पडलो, तर पायरीवर क्लोविसची बायको, झेनोबी.

"अँसेल्म, रस्ता तू मोजतोस. खरं सांग, तो वाट सोडून गेला होता का रे?"

"बर्फाचं काही सांगता येत नाही, झेनोबी."

असं म्हणालो मी. चाळीस वर्षांचा शेजार.

१७ फेब्रुवारी

दार वाजलं — वाटलं, पोलीस. पोस्टमन होता.

१८ फेब्रुवारी

सरपंचांनी रस्ता पुन्हा सुरू केला. नवव्या खांबाला वळसा घालून चौदाव्यापाशी जुन्या वाटेला मिळतो. त्यांनी मला विचारलं, "चौदाव्याला बर्फ किती आहे रे?"

"पस्तीस." तोंडातून निघून गेलं.

चौदाव्यालाही मी ड्रिल लावलेलं नाही.

१९ फेब्रुवारी, शनिवार

ओविला फादरांकडे पापनिवेदनाला गेलो. सगळं ओकलो. मग पश्चात्तापाची प्रार्थना — सात वर्षांचा असल्यापासून पाठ आहे, जीभ आपोआप चालते. "पुन्हा पाप न करण्याचा मी दृढ निश्चय करतो" — इथे अडलो. निश्चय कसला? गाड्या आत्ताही जातायत.

"थांबलास का?" फादर जाळीपलीकडून म्हणाले.

"चौदावा खांब तसाच आहे, फादर."

फादर जाळीजवळ सरकले. मग म्हणाले, "म्हणजे तुझं पाप अजून चालूच आहे. इथे ऐकलेलं मी कुणाला सांगू शकत नाही. तू सांगू शकतोस. आधी जा, रस्ता बंद कर. मग ये."

सरपंचांच्या फाटकापर्यंत गेलो. आत दिवा होता. हसण्याचा आवाज येत होता. परत आलो. तुरुंगात जाईन. लोक थुंकतील.

२० फेब्रुवारी, रविवार

बेटावरचे लोक अकरा गाड्या घेऊन मिस्साच्या प्रार्थनेला आले. त्याच वाटेने. देवळात बसून एकेक चेहरा मोजला — पोरं, म्हाताऱ्या. सगळे पोचले होते. परतीचं काय?

क्षमायाचना सुरू झाली. "सर्वसमर्थ परमेश्वराजवळ आणि माझ्या बंधूंसमोर मी कबूल करतो..." साठ वर्षं म्हणतोय. बंधूंसमोर! हे माझ्या कानांवर कधी पडलंच नव्हतं. देवाला तर ठाऊकच आहे. ज्यांना ठाऊक नाही ते इथे, कोपराला कोपर लावून उभे आहेत. "विचाराने, शब्दाने, कृतीने आणि कर्तव्य चुकवून" — सगळे प्रार्थनेत पुढे गेले, मी त्या शब्दांपाशीच राहिलो. बाक घट्ट धरला.

"कुणी परत जाऊ नका," मी म्हणालो. "मी बर्फ मोजलेला नाही. क्लोविस वाटेवरच होता."

फादर थांबले. झेनोबी वळून बघत राहिली. मी मान वर केली नाही.

बेटावरचे सगळे रात्री गावातच राहिले.

२१ फेब्रुवारी

चौदाव्या खांबापाशी सगळ्यांदेखत भोक पाडलं. बर्फाची जाडी नऊ सेंटिमीटर. झेनोबीने माझ्या हातातून ड्रिल काढून घेतलं, म्हणाली, "पुढचं मी मोजते. तू लिही."