दूध पुरतं का हो?

औरंगपुरा, औरंगाबाद
ता. ९ जून १९६९

ती. सौ. वच्छलावहिनींस,
द्वारकाचा सा. न. वि. वि.

आधी तोंड गोड करा, मग पत्र वाचा. तुमच्या नणंदेला नोकरी लागली! बाळांसाठी डब्यातली दूध पावडर करणारी कंपनी आहे. बाळंतिणींच्या घरी जाऊन तिची माहिती सांगायची. मॅट्रिक नापास पोरीला कोण विचारतं, असं म्हणणाऱ्या काकासाहेबांना मुद्दाम कळवा.

साहेबांनी आम्हाला तीन दिवस शिकवलं. पांढरी साडी, पांढऱ्या चपला, केस घट्ट बांधलेले. आपण नर्स आहोत असं सांगायचं नाही, पण कोणी तसं समजलं तर नाही म्हणायचं नाही. काल शहागंजात एका आजीबाईंनी नाडी बघायला हात पुढं केला. मला हसू आवरेना! घरात शिरलं की बाळाचं कौतुक करायचं आणि मग हळूच एकच विचारायचं, की दूध पुरतं का हो याला? एवढ्यानं बाई बाळाकडं निरखून बघत राहते. मग डबा पुढं करायचा. त्यावरचं गुबगुबीत बाळ बघून कुणीही हरखतं.

दादा सांगत होता की आपला बाबू अडीच महिन्यांचा झाला आणि संध्याकाळी फार किरकिर करतो. वहिनी, तुमचं दूध पुरतं का हो त्याला? दादाबरोबर एक डबा पाठवते आहे. आम्हाला तो फुकट मिळतो, तेव्हा संकोच करू नका.

बाबूला पापा. माझ्यावरचा लोभ नोकरीवालीला शोभेल एवढा वाढवा.

तुमची
द्वारका


करमाड
ता. २ जुलै १९६९

चि. द्वारकास,
अ. आ.

मी तिसरी शिकलेली, अक्षराला हसू नको. तोंड गोड करा म्हणतीस, आन् पेढे कुठायत गं? पण आनंद लई झाला. आमची द्वारका नर्स झाली म्हणून आळीत सांगून ठेवलंय. पुंजारामभाऊंची सून दगडाबाई, तिला आठवा लागलाय. ती म्हणती माझ्यासाठी बी डबा सांगून ठेवा.

खरं सांगू? आधी मला तुझा रागच आला. आम्ही सहाही भावंडं आईच्या अंगावरच वाढलो. पण तू विचारलंस आन् डोक्यात भुंगा शिरला. बाबू रडला की वाटायचं, पुरत नसंल लेकराला. शेवटी डबा फोडला. गडी पिऊन गाढ झोपला, मग ते रोजचंच झालं. आता तू म्हणालीस तसंच झालंय बघ, मला खरंच दूध येईना. तुला आधीच कसं कळलं गं?

डबा मी जपून वापरते. त्यावर चार चमचे लिहिलंय, मी दीडच टाकते. पाणी पांढरं दिसलं म्हंजी झालं. बाबू जरा वाळल्यावाणी दिसतो आन् चार दिवस पोट बिघडलंय, पण ती पावसाळी हवा असंल. दुसरा डबा लवकर धाड.

डबा नाय आला तरी माया पातळ करू नको.

तुझी
वच्छलावहिनी


औरंगाबाद
ता. ४ जुलै १९६९

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

एस.टी.चे कंडक्टर सांडूमामा करमाडचेच आहेत, त्यांच्या हातीच हे पत्र देते आहे. डबा आत्ताच्या आत्ता बंद करा. पाणी पांढरं दिसलं तरी त्यात दूध नाही, वहिनी. बाबू इतके दिवस उपाशी आहे. पहिल्या गाडीनं त्याला घाटीच्या दवाखान्यात आणा. मी सकाळपासून दारातच उभी राहते.

तुमचं पत्र वाचून मी तशीच घाटीत पळाले. तिथल्या मेहरुन्निसा सिस्टरांना सगळं सांगितलं. त्या खूप चिडल्या. म्हणाल्या की विहिरीचा उपसा थांबवला तर झरे आटणारच, लेकरू अंगावर ओढत राहिलं तरच दूध येतं. तुमचं दूध आधी पुरतच होतं. माझ्या विचारण्यानं ते आटलं. पण वेळ गेलेली नाही, परत येईल असं त्या म्हणाल्या. सारखं अंगाला लावत राहा.

मी नर्स नाही, वहिनी. कधीच नव्हते. साडी आजच परत करून आले.

लोभ मागायला तोंड नाही. बाबूला तेवढं घेऊन या.

द्वारका


करमाड
ता. ३० जुलै १९६९

चि. द्वारकास,
अ. आ.

बाबू चांगला आहे, हे आधी वाच. काल घाटीत तपासणी होती, मेहरुन्निसाबाईंनी वजन केलं आन् हसल्या. मला वाटलं छातीवरची धोंड उतरली.

दवाखान्यात नऊ दिवस तू माझ्या उशाशी होतीस आन् मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाय. लई राग होता गं. थेंबथेंब दूध यायचं, बाबू चिडून तोंड फिरवायचा, तवा तुझं तोंड बघू नये वाटायचं. पण मागल्या आठवड्यात एका दुपारी भाकरी थापत होते, पाळण्यात बाबू रडला आन् माझा पदर भिजला! तव्यावरची भाकरी करपली, मी तिथंच बसून रडायला लागले. तुझा दादा पळत आला, त्याला वाटलं मला चटका बसला. आता बाबू पिता पिता झोपतो, व्हटावरून दूध ओघळतं. हे बघितलं आन् तुझ्यावरचा राग गेला. सगळा नाय, पण गेला.

आता कामाचं. दगडाबाईचे दिवस भरत आलेत. तिच्या नवऱ्यानं जालन्याहून डबा आणून ठेवलाय. मी तिला बाबूची सगळी गत सांगितली, पण ती ऐकंना. म्हणती, तुमची नणंद शिकलेली नर्स, तिनं सांगितलेलं खरं की तुमचं? माझ्याच तोंडानं मी आळीभर सांगत फिरले व्हते, आता कुणाला बोलू?

म्हणून तू ये. बायांना अंगणात बोलावते. तू नर्स नाहीस, हे तुझ्याच तोंडून त्यांना ऐकू दे. लाज वाटंल, वाटू दे. मी तुझ्या शेजारीच बसते, बाबूला पाजत.

घरचा लोभ घरी येऊनच घे.

तुझी
वच्छलावहिनी