हिरवळीच्या टकलावर केलेला इलाज

ती. ताई,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (या खेपेला तो खराखुरा आडवा पडूनच घालतोय, कारण विटा उचलून पाठ धरली आहे.) दाजींचा खोकला गेला का? तुझा रक्तदाब कसा आहे? जास्त असेल तर हे पत्र जेवण झाल्यावर वाच. आम्ही सगळे मजेत आहोत. पत्रात लिहावं लागतं म्हणून लिहिलं, मजेत कुणीच नाही.

घरामागची ती हिरवळ तुला आठवत असेल. हिरवळ कसली, मधोमध आठाच्या आकड्यासारखं लांबलचक टक्कल आणि कडेला चार केस! मला त्याची फार लाज वाटायची. (शेजारचे वकील चहा पिता पिता कुंपणावरून रोज इकडेच बघत असत, त्यामुळे जास्तच.) तीन प्रकारची खतं घालून झाली, पण गवत काही धरेना. मग बाबा महिनाभर तुझ्याकडे आले आणि माझ्या अंगात आलं. म्हटलं, परत येतील ते बघतच राहतील. लॉन उखडायचं, फरशी घालून बसायला कट्टा करायचा आणि उरलेल्या जागेत विटांचे कंबरेइतके उंच वाफे बांधायचे, म्हणजे बाबांना न वाकता भाजी तोडता येईल. हेतू किती थोर होता ते लक्षात ठेव, माझ्या बाजूने बोलायला दुसरं काही सापडणार नाही.

गवंड्याने विचारलं, दोन वाफ्यांमध्ये जायला वाट केवढी ठेवू? मी ऐटीत मध्ये उभा राहिलो, पोट आत घेतलं आणि म्हणालो, एवढी. तुझी भावजय म्हणाली, आता श्वास सोडून दाखवा. मी म्हटलं, बायकांचं ऐकत बसलं तर कामं होत नाहीत. (हे वाक्य ती आता मला सकाळ-संध्याकाळ ऐकवते.) त्या वाटेने सध्या फक्त मांजर सरळ जातं. मी टोमॅटो तोडायला खेकड्यासारखा आडवा शिरतो. परवा तर मधोमध असा अडकलो की पुढेही जाईना नि मागेही येईना. शेवटी वकील कुंपण ओलांडून आले आणि मला ओढता ओढता अगदी सहज विचारते झाले, "हे सगळं झालं खरं, पण आता तुमचे वडील चालतात कुठे?"

ताई, तिथल्या तिथे त्या वाफ्यात स्वतःला गाडून घ्यावंसं वाटलं. तो आठाचा आकडा बाबांचा होता गं! गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रोज दुपारी, आम्ही दोघं कामावर असताना, ते त्या मऊ मातीवर फेऱ्या घालत होते. रस्त्यावर गाड्यांची भीती वाटते, म्हणून तिथे. शेजाऱ्याला माहीत, पोटच्या पोराला नाही. तुझ्याकडून परत आले त्याच दिवशी बाबांनी सगळं बघितलं होतं, "छान केलंस रे" म्हणाले आणि कट्ट्यावर जाऊन बसले. तेव्हापासून रोज बसतात, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखे, हात मांडीवर ठेवून. गुडघा पुन्हा आखडलाय. जिन्यात कठडा धरून थांबतात, आणि मी समोर आलो की भिंतीवरचं कॅलेंडर बघितल्यासारखं करतात. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दाजींना नमस्कार. पोरांना सांग, मामा बरा आहे.

तुझा
धाकटा (अकलेनेही)

ता. क. बाबा शनिवारी तुझ्याकडे येतायत. चार दिवसांसाठी म्हणालेत, पण बॅगेत स्वेटर आणि स्वतःची उशीही भरली आहे. त्यांना ठेवून घेऊ नकोस गं. जरा कमी लाड कर. सोमवारी गवंडी येतोय. मधले वाफे पाडून तिथे पुन्हा माती करणार आहे. टोमॅटो गेले खड्ड्यात.

आणखी एक ता. क. हे सगळं बाबांना तोंडावर सांगावं म्हणून मी दोनदा कट्ट्यावर त्यांच्याशेजारी जाऊन बसलो, आणि दोन्ही वेळा कीड कशी घालवावी यावर बोलून उठलो. म्हणून हे पत्र त्यांच्याच बॅगेत, अगदी वर ठेवतोय. प्रवासात हाताला लागेल तो कागद ते वाचून काढतात, हे तुला माहीत आहेच. पाकीट मी चिकटवलेलं नाही.